पाचवा पूर्वज

राजाला वंशावळ हवी होती, पेरणीच्या आत.
शेतांच्या हद्दीवर दगड उभे राहायचे होते,
आणि दगडावर नुसतं नाव शोभत नाही;
नावामागे बाप लागतो, बापामागे बाप.

मी ओली पाटी मांडीवर घेतली, बोरू तासला.
उलम-शिहू, कोणाचा?
"किदिन-हर्बेचा."
तो कोणाचा?
"कारा-शिपाकचा. तो बुर्ना-हर्बेचा."
इथवर घोडदौड.
मग थांबला.
बाहेर कालव्यातला गाळ उपसण्याचा आवाज येत राहिला.

"पुढचा डोंगर उतरून आला," राजा म्हणाला,
"कापणीला. विळा तुमचाच, उसना.
मजुरी जवाची, तीही मापात मारलेली.
नाव नाही आठवत.
आत्याला ठाऊक होतं, ती गेली."

असल्या अडचणीसाठी माझ्या झोळीत
तयार देव असतात.
दोन काढून दाखवले. एक तर चांगला शिंगांचा मुकुटवाला.
त्याने मान हलवली.

"त्याच्या घोडीचं नाव आठवतं. तिमिराश.
आमच्यात पोरं बोलायला लागली की
आधी तेच शिकतात."
आणि मग, दरबारी भाषा सोडून,
घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटला.
त्या बोलीला आमच्याकडे अक्षरं नाहीत,
म्हणजे आम्ही कधी बसवलीच नाहीत.

मी उभा खिळा मारला,
पुरुषाच्या नावाआधी मारतात तो,
आणि त्यापुढे घोडी लिहिली.

"काय लिहिलंस, नुबट्टी?"
वाचून दाखवलं.
तो हसेल असं वाटलं होतं, किंवा माझा हात जाईल.
त्याने ओल्या मातीवरून तळवा फिरवला,
वरून खाली, मानेवरून फिरवावा तसा.
एक ओळ पुसट झाली. ती मी पुन्हा लिहिली.
अंगठ्याचा ठसा राहू दिला.

आता दर अमावस्येला
निप्पूरचे पुरोहित, सात पिढ्या तोंडपाठ असलेले,
पितरांना नावानं हाका मारतात:
या, हे खा, हे पाणी प्या.
पाचव्या हाकेला एकाचाही सूर हलत नाही.

बाकीच्यांपुढे पीठ असतं.
पाचव्यापुढचं ताट मी मांडतो.
मूठभर जव,
न दळलेले.