शेरा

पोखरण रोड नंबर दोन. झाड क्रमांक चारशे बारा.
आंबा. घेर दोन मीटर दहा.
फीत निमकरांच्या हातात, तक्ता माझ्या.
मान वर करून ते म्हणाले,
बांडगूळ आहे. शेऱ्यात रोगट लिहा.

मी लगेच लिहिलं नाही.
पहिल्याच बेचक्यात, डोक्याच्या हातभर वर,
पट्ट्यासारखी जाड पानं, दोन्ही अंगांना ओळीत,
टोकाशी कुणी कुरतडल्यासारखी खाच.
आणि खाली हवेत सोडून दिलेली मुळं,
मळक्या चांदीच्या तारेसारखी.

बांडगुळाचं मूळ सालीच्या आत शिरतं.
हे नुसतं धरून होतं.
पण धरून राहण्याला
तक्त्यात रकाना नाही.

(मेहुणा जेवताना तोच शब्द वापरतो,
माझं नाव न घेता, मुलांकडे बघत.
ताई आमटी वाढते. जरा जास्तच वाढते.)

बाटलीतलं उरलेलं पाणी
मी एका मुळावर उडवलं.
राखाडी विरलं, आतून हिरवं वर आलं.
म्हणजे मूळसुद्धा पानाचं काम करत होतं,
कुणाला न सांगता.

येऊरहून बोरं विकायला उतरलेली सोनी वरठा
टोपली टेकवून बघत होती.
‘सीतेची येणी हाय ती. आंब्याचं काय खात नाय.’
मग जगते कशावर?
‘दव पिते. रातची दम घेते.’

रात्री वाचलं, तर बाई बरोबर होती.
दिवसा पानांची दारं बंद,
ऊन गेल्यावर उघडतात.
बी धुळीहून बारीक, शिदोरी न घेता निघालेलं,
वाटेत बुरशीचा धागा भेटला तर रुजतं,
नाहीतर लाखातलं एकही नाही.
हॉलमधला टीव्ही बंद झाला होता.
मी गादी पसरली
आणि खिडकी उघडली.

शेऱ्यात लिहिलं होतं: झाड निरोगी. वर सीतेची वेणी.
निमकरांनी दुसरं वाक्य खोडलं,
सही केली.

जेठात त्याच रस्त्याने बँकेत निघालो होतो.
आंब्यातून वीतभर, दोन वीत, शेपटासारखा घोस लोंबत होता,
पांढऱ्यावर जांभळे ठिपके, इतकी दाटी
की देठ दिसत नव्हता.
खाली चारशे बारा, पिवळ्या रंगात,
ओघळलेला.
रिक्षावाला म्हणाला, प्लास्टिकचं असेल, साहेब.
मी त्याला थांबायला सांगितलं.
मीटर चालू होता.