सोलायचं मांजर

लिव्होर्नोच्या बंदरामागे, कालव्याच्या काठी
एर्सीलियाचं दुकान : चाव्या करून मिळतील,
बुटांना टाचा बसवून मिळतील.
गाऱ्हाण्यांची पाटी नाही, तरी लोक तीही आणतात.

तिकडे कटकटीला मांजर म्हणतात,
सोलायचं मांजर.
बटाटा, कोंबडी, मांजर, सगळ्यांना एकच क्रियापद.
घरमालकाची नोटीस आली : घ्या, सोला.
जावयाची नोकरी गेली : हे आणखी एक.
गळकं छप्पर, पेन्शनच्या कागदावर
तिचं जन्मसाल चुकवणारा कारकून,
आणि हा म्हातारा द्यूलियो,
बायको गेल्यापासून दर शुक्रवारी चावी हरवतो,
कारण इथे स्टूल आहे
आणि "आता काय झालं?" असं कुणीतरी खेकसतं.
"मला सोलायला दुसरी मांजरं आहेत, द्यूलियो,"
कानस घासता घासता ती म्हणते,
आणि त्याचीच चावी आधी करते.

सत्तावीस वर्षं हेच वाक्य.
मांजर कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मार्चमध्ये, समुद्राकडून लिबेच्चो वारा सुटलेला,
खरंच एक आलं.
होड्यांच्या डांबरात लोळलेलं, दोन्ही कुशी काळ्या,
केस चिकटून कातडी अशी ओढलेली
की ओरडायला तोंडही उघडेना.

तिनं गिऱ्हाइकाचा बूट बाजूला सारला.
ऑलिव्हचं तेल ओतलं, चांगलं,
बहिणीनं गावाहून पाठवलेलं.
चामड्याची कात्री घेतली.
द्यूलियोनं पाय धरले, म्हणजे मांजराचे.
दोनदा ओरबाडलं त्याला. सोडले नाहीत.
एकेक बट.
घाई केली की कातडं फाटतं,
हे तिला बुटांनीच शिकवलेलं.

तेवढ्यात फोन. पेन्शनचं ऑफिस,
इतक्या महिन्यांनी, आपणहून.
"आत्ता नाही," ती म्हणाली, "मांजर सोलतेय."
पलीकडे जरा शांतता,
मग एक दमलेला आवाज :
"बाई, इथे आम्ही सगळे तेच करतोय."

संध्याकाळपर्यंत एक कूस झाली.
अर्धं उघडं, गुलाबी, भलतंच ओंगळ ते ध्यान
नोटिशीवर जाऊन झोपलं,
मालकाच्या सहीवर तेल पसरत गेलं.
एर्सीलियानं काढलं नाही.

द्यूलियो निघाला. दाराशी थांबून
त्यानं खिसा चाचपला.
चावी होती.
जरासा ओशाळला, मग म्हणाला,
"उद्या येतो. दुसरी बाजू राहिलीय ना?"