मधला दात

डॉक्टर नाबरांची दोन सीटची एमजी
चौदा वर्षं शिरोड्याला माडाखाली उभी होती.
मी घेतली तेव्हा स्टिअरिंग चार बोटं फिरवलं
तरी चाकांना खबर नसायची.
टेम्पोवर घालून वेंगुर्ल्याला आणली, बस्त्यावकडे.
तो ट्रॉलरचे शाफ्ट कातून देतो, गाड्या घेत नाही.
वाकून चाक हलवलं, खटखट ऐकली.
"पुढला सगळा उतरवूक व्हया," म्हणाला
आणि चहा सांगितला.

पहिले तीन दिवस एका पिनवर गेले.
खालच्या आर्मची, करंगळीएवढी,
गंजाने आत घर केलेलं.
रात्रभर मोरीचं तेल पाजलं. मग डिझेल. मग ज्योत.
चौथ्या दिवशी बस्त्यावने हॅक्सॉ काढली,
डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली
आणि कापायला घेतली.
टोपी का, ते मी विचारलं नाही.

स्प्रिंगच्या वेळी मात्र बोलला,
"हिच्या समोर उभी रव नको."
जॅकवर उंडीचा ठोकळा. एकेक सूत खाली.
साठ वर्षं दाबून धरलेलं काहीतरी
करकरत लांब झालं,
आणि मग नुसतं लोखंड,
मांडीवर घेऊन ब्रशने घासण्याजोगं.

मुंबईहून आलेले बुश सैल निघाले.
त्याने मोडीत काढलेल्या होडीचा पंखा शोधला,
त्यातलं ब्राँझ लेथवर चढवलं.
माझ्या चपलांत दोन दिवस पिवळे कीस टोचत होते.
रीमर मला दिला: "जोर करू नको, नुसती फिरव."
फिरवत राहिले. दुपारी कधीतरी किंगपिन
आपल्याच वजनाने उतरली,
जाताना एक छोटा सुस्कारा टाकून.

शेवटी रॅक.
"ह्यो मधीच झिजता," बस्त्याव म्हणाला,
"मनीस सरळच जाता मा."
टॉर्च धरला. मधला दात जवळजवळ कोरा.
गुळगुळीत झालेले, त्याच्या उजवीकडचे दोन.
म्हणजे गाडी डावीकडे ओढत होती
आणि डॉक्टर सगळी वर्षं तिला उजवीकडे धरून होते.
त्यांचा उजवा खांदा उतरलेला असायचा,
नाडी बघतानासुद्धा.
आम्ही पोरं नक्कल करायचो त्याची.
कुणाला बोलले नसतील.
ओढ हळूहळू वाढते, हातही हळूहळू शिकतो,
मग ते सरळच वाटत असणार.

नवा रॅक बसवला. वाळू भरलेल्या चार बाटल्या,
त्यांना ताणून बांधलेला तंगूस,
बाजूने जाणारा रापणकर म्हणाला, मासे कुठायत?
पुढचं अंतर मागच्याहून तीन मिलिमीटर कमी.
"चाकांनी वायच एकमेकांकडे बघूक व्हया.
नुसती सरळ बघतत, ती भांडतत."
बस्त्यावचं लग्न झालेलं नाही.

रविवारी मासानंतर तो बाजूला बसला.
मोचेमाडची घाटी चढून सड्यावर आलो,
जांभा, वाळलं गवत, सरळ काळा रस्ता.
मी दोन्ही हात सोडले.
गाडी गेली. जात राहिली.
एक भारद्वाज चालत आडवा आला, घाई नसल्यासारखा,
मी एक बोट टेकवलं
आणि चाकांना कळलं.

बस्त्यावने दरवाजा दोन्ही हातांनी धरला होता,
भरतीत होडीची कड धरावी तसा, डोळे मिटून.
"ग्रीस," म्हणाला. "हजार मैलांनी.
इसारलंस तर परत माझ्याकडेच येतलंस."