शिफारसपत्र

धोळकिया सर म्हणाले, तूच लिहून आण,
मी सही करतो.
मग दांडिया बाजारात, झेरॉक्सवाल्याच्या बाकावर बसून
मी लिहिलं:
ऋजुता शिर्के हिला मी चार वर्षं ओळखतो.

थर्मोडायनॅमिक्सची केटी गाळली.
वर्गात कधी हात वर केला नाही,
त्याचं ‘विचारपूर्वक बोलते’ झालं.
पंप उघडताना बोट चेचलं, तो दिवस
‘प्रयोगशाळेतली निष्ठा’ या वाक्यात गेला.

झेरॉक्सवाल्यानं विचारलं, केटला टका?
एकोणसत्तर.
त्याचे चारपैकी किती होतात
ते कुणीच छातीठोक सांगत नाही.
बाबांच्या वहीत सात विद्यापीठं,
शेवटच्यापुढे ‘इथे तर होईलच’,
प्रत्येकापुढे फी, रुपयांत.
काल एक नाव पेन्सिलीनं खोडलेलं दिसलं.
मी विचारलं नाही.

सरांनी न वाचताच सही केली,
पाकीट चिकटवलं,
जोडावर पुन्हा सही.
आता मला ते उघडता येत नाही.

सुरसागरच्या कठड्याशी स्कूटी लावून
उन्हात धरून पाहिलं.
आत एक मुलगी आहे,
निष्ठावान, विचारपूर्वक बोलणारी.
तिला मिळेल प्रवेश.
माझं काही सांगता येत नाही.