ड्राय

सदरमध्ये, चर्चच्या मागच्या गल्लीत
बाबा ज्या दुकानात कामाला लागले
त्याच्या पाटीवर इंग्रजीत दोनच शब्द होते.
त्यातला क्लीन त्यांना कळला. परिटाच्या पोराला
तेवढ्यासाठी शाळा लागत नाही.
अडलं ते ड्रायपाशी.

"म्हणजे सुकं," शेठ म्हणाले.
आणि पहिल्याच दिवशी पांढऱ्या पेट्रोलच्या पिंपात
कोपरापर्यंत हात घालून
कुणा वकिलाचा कोट बुडवताना
डोमाजी बारसागडे, वय सतरा,
हळूच बोलले:
"सुकं काऊन जी? हे तं ओलंच हाय."

"पाणी नाही ना? मग ड्राय."

तेव्हापासून हा शब्द आमच्या घरी
पाहुणा म्हणून राहायला आला
आणि न विचारता
कुठल्याही खोलीत शिरू लागला.

पहिल्या वर्षी दोन ऑक्टोबरला
बाबा इस्त्रीचा सदरा घालून कामावर गेले.
ड्राय डे म्हणजे आपलाच दिवस,
शेठ पेढे वाटतील.
शेठ शटर अर्धं ओढून
आदल्या दिवशी आणून ठेवलेली बाटली उघडत होते.

मग कळलं, बुटीबोरी मागे पडून
वर्ध्याची हद्द लागली
की अख्खा जिल्हा ड्राय,
नदीला पूर असला तरी.

मी दहावीत डिक्शनरी घेतली, जुनी, सीताबर्डीच्या फुटपाथवरून.
एवढ्याशा शब्दापुढे अर्थांची रांग.
मला इंग्रजांची कीव आली.
आपल्याकडे विहीर कोरडी असते, खोबरं सुकं,
धुणं वाळतं, गाय आटते,
इतिहासाचे सर रुक्ष,
आणि मे महिन्यातलं नागपूर, दुपारी दोनचं,
त्याला शब्दच नको,
दाराच्या कडीला हात लावून बघा.
ते बिचारे सगळीकडे
एकच भांडं घेऊन फिरतात.

आई मात्र त्यावर खूश होती.
सावजीकडे डबा घेऊन मला धाडताना
पायरीवरून ओरडायची,
"रस्सा नको सांडवत आणू, ड्रायच सांग!"
आणि मी ड्राय आणलं
की त्यात वाटीभर पाणी घालून
तिखट तर्रीचा रस्सा करायची, चौघांना पुरावा म्हणून.

एक अर्थ बाबांसाठीच राखून ठेवला होता,
तो मला फार उशिरा सापडला.
नवरदेव सूट घेऊन आला, कॉलरला हळद.
"काका, डाग निघेल ना?"
बाबा चष्म्यावरून बघत, चेहरा दगडासारखा:
"हळदीचा निघंल. लग्नाचा निघत नाही."
पोरगा घाबरून ॲडव्हान्स देऊन गेला.
मला कितीतरी वर्षं वाटायचं
बाबा गिऱ्हाइकांवर चिडतात.

मोक्षधामला, आईच्या वेळी,
ते तसेच उभे होते.
माझी मावशी पदराआडून म्हणाली, कोरडा माणूस.
मी ऐकलं. त्यांनीही ऐकलं असेल.

दोन महिन्यांनी धंतोलीतल्या डॉक्टरनं
त्यांच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली,
पाच मिनिटं घड्याळ पाहिलं.
पट्टी जेमतेम टोकाला भिजली.
"ड्राय आय," डॉक्टर म्हणाली, "वयानं होतं,
शिवाय इतकी वर्षं वाफेत काम केलंत."
बाबा पट्टी निरखत होते,
कपड्याचा पोत बघतात तसे.
"म्हणजे इथंबी आलं का हे."

कपाटात आईचा शालू आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत,
वर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी, नंबर नाही, फक्त ड्राय.
पदरावर तर्रीचा डाग, रुपयाएवढा.
आमदारांपासून बँडवाल्यांपर्यंत
सगळ्यांचे डाग काढून देणाऱ्या माणसानं
तो तसाच ठेवलाय. मी विचारलं नाही.

थेंब मी घालते. सकाळी, दुपारी,
संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरून झाल्यावर,
आणि झोपताना. मान मागे, छताकडे बघा,
थोडं कानशिलावर ओघळतं, ते पुसू देत नाहीत.

चारच वेळा, डॉक्टरनं बजावलंय.
कधी कधी रात्री ते मला उठवतात,
बाटली मागतात पाचव्यांदा.
मी काही न बोलता देते.