बाजू दोनच्या आधीचे चाळीस सेकंद

तिसऱ्या मिनिटाला खोकतो तो हेल्मुट नाही.
सगळे हेल्मुटच म्हणतात. मी सांगतो, तो पिचके,
कापणी खात्यातला. छातीत काचेची धूळ बसलेली,
दोनदा खोकून थांबायची त्याची सवय.
जुनी तबकडी लावा आणि मोजा: दोनदा. थांबला.
आणि त्या थांबलेल्या जागेत ड्रमवाला
पत्र्याच्या टबात साखळी सोडतो.
खोकल्याला इतका मान मिळालेला मी पुन्हा पाहिला नाही.

टेप माझी. फेब्रुवारी अठ्ठ्याहत्तर, लाउझित्स,
काच कारखान्याचं सभागृह, बाहेर उणे अठरा.
वाजवणारे पंधरा, बर्लिनहून बसनं आलेले,
मुखनळ्या काखेत धरून ऊब देत बसलेले.
माझ्याकडे यंत्रं दोन. एकाचा पट्टा थंडीनं तुटला.
म्हणजे यंत्र एक.

युनियननं तिकिटं फुकट वाटली होती.
नाचाचा बँड समजून गेर्ट्राउड लेमान
नवे बूट घालून आली. पहिल्याच फटक्याला
तिनं ते काढून मांडीवर घेतले,
आता उठतेच, अशा बेतानं.
उठली नाही.

पंधरा जण पंधरा वाटांनी सुटले.
कुणी हंबरतंय, कुणी लोखंडी जिना
फरफटत खाली नेतंय,
आणि मधेच, कुणी खूण न करता,
सगळे एका सुरावर, एका श्वासापुरते,
की पुन्हा ठिकऱ्या.
ठिकऱ्यांचं त्या लोकांना काय कौतुक!
ते गाल बघत होते.
आठ आठ तास नळीत फुंकणारी माणसं,
सूर त्यांना कळला असेल-नसेल,
फुंक कळली.
“हा खांद्यातून फुंकतोय, टिकायचा नाही,”
नोआक शेजाऱ्याला म्हणतो. आहे टेपवर,
सहावं मिनिट, डाव्या कानात.
आठव्याला तो सॅक्सोफोनवाला खरंच फसतो.

मग ट्यूबा. फेटरलाइन नावाचा शिडशिडीत पोरगा,
त्यानं तळातला एकच सूर धरला,
नाकानं घेत, गालात साठवत, न तोडता,
मिनिट झालं, दोन झाली,
आणि माझं रीळ संपलं.
फट फट फट फट.
मी वाकलो.

रेकॉर्डवर नाही ते हे:
नोआक उभा राहिला. मुठीची नळी ओठांशी धरली
आणि ट्यूबाकडे बघत गाल फुगवले.
मग पिचके. मग अख्खी तिसरी रांग,
न दिसणारे गोळे फुगवत,
फुगवता फुगवता फिरवत,
कारण न फिरवलेली काच लोंबते,
हे तिथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक.
फेटरलाइननं पाहिलं.
सूर न सोडता तोही ट्यूबा
हळूहळू फिरवायला लागला.
बाकीचे चौदा खाली बसले.
माझ्या हातात फितीचं टोक,
ते खाचेत जाईना.

बाजू दोन सुरू होते ती हसण्यानं. खूप हसू,
आणि एक धप्प: गेर्ट्राउडचा बूट.
पाकिटावर कुणा जाणकारानं लिहिलंय,
“श्रोत्यांची टवाळी, तरी कलावंत अविचल.”
पत्र लिहिणार होतो. लिहिणार काय?
यंत्र चालू असतं तरी काय आलं असतं फितीवर?
एक ट्यूबा.
बाकी सगळी फुंक बिनआवाजी.

भट्टी आता थंड आहे. नोआक गेला, त्याआधी पिचके.
परवा पोस्टानं नवी आवृत्ती आली,
सफाई केलेली, चकचकीत.
तिसऱ्या मिनिटाचा खोकला पुसलाय.
साखळी टबात पडते, उगीच,
कुणी न बोलावता.

म्हणून तिथं मी खोकतो. दोनदा.
आणि थांबतो.