एक मिनिट चालू ठेव

तिस्कच्या नाक्यावर विचारलंत तर अजूनही
ट्रकांचा डॉक्टर म्हणून माझं गॅरेज दाखवतात.
ट्रक कधीच गेले. काही भंगारात, काही घाटापलीकडे,
एक माझ्याच आवारात उभा,
त्याच्या हौद्यात शाणूच्या कोंबड्या अंडी घालतात.

तेओतोन आला तो गाडी ओढून घेऊन.
आजोबांचं नाव मिरवणारा पोरगा,
फोंड्याच्या सोसायटीत कॅशियर.
ऑक्टाव्हिया आरएस, वीस वर्षांची,
तांबडी, म्हणजे इथल्या धुळीत रंग न दिसणारी.
आधीचा मालक बेतूलचा. खाऱ्या वाऱ्यानं
दारांच्या कडा चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या.
"टर्बो गेला, मेस्त. मोठाच घालूया.
बूस्ट वाढवूया. सगळे घालतात."

मी पाइप काढला. आत दोन बोटं घालून
शाफ्ट हलवून बघितला.
हलायला नको तेवढा हलला,
दुधाच्या दातासारखा.
पाती घराला घासून चकचकीत झालेली.
टर्बो गेला हे खरं,
पण का गेला ते तिथे लिहिलेलं नसतं,
त्यासाठी गाडीखाली आडवं व्हावं लागतं.

चेंबर उतरवलं. तळाशी तेल नव्हतं,
काकवी होती, काळी,
आणि गाळणीच्या जाळीवर कोळशाची साय.
तहानेनं मेला तो.
मिनिटाला लाख फेरे घेणाऱ्याला
घोटभर तेल वर पोचलं नाही.

मला हे ठाऊक आहे. मी हे हजारदा पाहिलंय.
खाणी चालू होत्या तेव्हा फेरीमागे पैसे होते,
चढ चढून लालभडक झालेला टर्बो
ड्रायव्हर काट्यावर आल्या आल्या बंद करायचे,
आतलं तेल जागच्या जागी जळायचं.
मी सांगायचो, रे, एक मिनिट चालू दवर.
एकदा सांगायचो.
दुसऱ्यांदा सांगत नव्हतो.
त्यांच्या घाईवर मी घर बांधलं, दोन मजली.
वरच्या मजल्याला गिलावा व्हायचा होता
तेव्हा खाणी बंद झाल्या.

बेळगावहून कदंबाच्या डिकीतून नवं काळीज आलं,
खोक्यावर कुणाचे तरी आंबे गळलेले.
तेवढ्याच मापाचं. मोठं नाही.
शाणूनं तेलाची नळी तीनदा धुतली,
फाटका डायफ्राम बदलला, इंटरकूलर उलटा केला
तर आतून पडला एक मेलेला भुंगा.
तेओतोन रोज संध्याकाळी यायचा, उभा राहायचा,
नोटा मोजणारी त्याची बोटं
रिकामीच एकमेकांवर घसरत असायची.
शेवटी मी स्क्रू फिरवला, नखाएवढा.
का फिरवला, विचारू नका.

पहाटे खाणीच्या रस्त्यावर घेतली.
चाळीस टनांसाठी केलेला रस्ता,
आता त्यावर गुरं बसतात.
दुसरा गियर. पाय दाबला.
काही नाही.
काही नाही.
मला वाटलं, चुकलं कुठेतरी,
आणि मग मागून कुणीतरी सीट ढकलली,
काटा उठला, बॉनेटखालून
ती बारीक शीळ,
दहा वर्षं माझ्या कानांनी न ऐकलेली.
तेओतोन हसला, मोजायचं विसरलेल्या माणसासारखा.
मी हसलो की नाही ते शाणूला विचारा,
तो मागे आडवा पडला होता.

आवारात आलो. त्याचा हात चावीकडे.
मी मनगट धरलं.
"रे, एक मिनिट चालू दवर."
मग कारण सांगितलं, सगळं,
तेल, उष्णता, साय, काट्यावरचे ट्रक,
एवढं मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.
कोंबड्या हौद्यातून बघत होत्या.
तो मान हलवत होता, चांगला पोरगा,
मोबाइलवर वेळ बघत होता.

चाळीस सेकंदांत बंद केली.

शाणूनं हात पुसले, वरच्या मजल्याकडे पाहिलं,
म्हणाला, "गिलावा होतलो, मेस्त."